नावावर गोंदलेलं औषध

माझ्या फुईनं माझ्या बापाचा जीव वाचवला, असं आमच्या गावात सगळे सांगतात आणि वर हात जोडतात. बहिणीची माया, रक्ताची ओढ वगैरे बरंच काही बोलतात. मला ऐकून हसू येतं. मी तिथे उभी होते. तो सूड होता. इतका पुरेपूर सूड मी दुसरा पाहिला नाही. माझ्याच बापावर उगवलेला असूनही तो बघताना मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

फुई म्हणजे वडिलांची बहीण. तिचं नाव तानुबाई. बोरीकाठच्या आमच्या गावातून नशिराबादला दिलेली. अंगानं काटक, आणि आवाज असा की या बांधावरून त्या बांधावरच्या माणसानं हातातलं काम टाकून बघावं. माझे वडील वना तिच्या पाठचे. त्यांना मी आबा म्हणते. आबांच्या वेळी आजी बाळंतपणातच अंथरुणाला खिळली, त्यामुळे आबा वाढले ते फुईच्या कडेवर. त्याच सुमारास गावात गोंदणारी आली. बाकीच्या पोरींनी तुळस काढून घेतली, विंचू काढून घेतला. फुई म्हणाली, "मना भाऊनं नाव काढ." शाळेतल्या गुरुजींनी धुळीत बोटानं अक्षरं काढून दिली, ती बघून गोंदणारीनं तिच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला हिरव्या ठिपक्यांत 'वना' उमटवलं. फुई शाळेत गेली नाही. तिला वाचता येणारा तेवढा एकच शब्द होता.

तिची मुलगी मोनाली हिच्या लग्नात सगळं बिनसलं. नवरा मुलगा निघाला जीवरामच्या नात्यातला. जीवराम म्हणजे आमच्या गावच्या पंचायतीत आबांच्या विरोधातलं पॅनल. निवडणूक तोंडावर आली होती आणि आबांना वाटलं, जीवरामच्या सोयऱ्यांच्या मांडवात मामा म्हणून मिरवलो तर माझी माणसं फुटतील. नाही जायचं म्हणून आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते येतो म्हणाले आणि आलेच नाहीत.

नवरीला मामा मांडवात आणतो आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मोनाली शालू नेसून खोलीत बसलेली, फुई मांडवाच्या दाराशी रस्त्याकडे बघत उभी. भटजींनी माईकवरून पुकारलं, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या." पुन्हा पुकारलं. व्याही मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मुहूर्त टळला तेव्हा शेजारचा मगन पुढे झाला आणि त्यानं पोरीचा हात धरला. त्या वेळी आबा घरी ओसरीवर बसून जेवत होते. मला माहीत आहे, कारण वाढणारी माझी आई होती आणि तिनं हे मला रडत सांगितलं. निवडणूक ते हरले ते हरलेच, वर बहीण गेली.

त्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर फुई मोरीत गेली आणि तिनं डोक्यावरून थंड पाणी घेतलं. कोणी मेलं की घेतात तसं. भाऊ जिवंत, आणि हिनं त्याच्या नावानं आंघोळ केली! ही बातमी आमच्या गावी पोचायला किती वेळ लागतो? जीवरामच्या माणसांनी ती पारावर चघळून चघळून सांगितली. आबांचा ताठा असा दुखावला की त्यांच्यासमोर नशिराबादचं नाव घ्यायची सोय उरली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्यांच्या लेकीबहिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आमच्या घरी मात्र त्या सणाला कोणी मोठ्यानं बोलत नसे. मी धुळ्याला दिलेली. मी फुईला चोरून फोन करायची, आणि ते आबांना कळतं हे मला माहीत होतं.

मग फुईचा हर्निया अडकला. पोट दगडासारखं झालं, उलट्या थांबेनात. मोनालीनं जळगावला नेलं आणि ताबडतोब ऑपरेशन ठरलं. ऑपरेशन नीट झालं, पण फुईचा श्वास परत येईना. सगळं अंग ढिलं पडलेलं, पापणीसुद्धा हलत नव्हती. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मशीन तिच्यासाठी श्वास घेत होतं. तोवर तिला गुंगीत ठेवलं होतं, त्यामुळे तिला फार आठवत नाही. शेवटी शेवटी कानाशी कोणीतरी एकसारखं म्हणत होतं, "श्वास घ्या बाई, श्वास घ्या," एवढंच तिच्या लक्षात आहे.

दोन दिवसांनी तिथले भूल देणारे डॉक्टर स्वतः तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. वयस्कर माणूस, घाई नावाला नाही. त्यांनी सांगितलं, की पूर्ण भूल देताना स्नायू ढिले करायचं इंजेक्शन देतात, म्हणजे घशातून श्वासाची नळी सहज आत जाते. त्या इंजेक्शननं श्वासाचे स्नायूही थांबतात, म्हणून तेवढा वेळ श्वास डॉक्टर देतात. "हे औषध म्हणजे दाराला लावलेली कडी समजा. बहुतेकांच्या रक्तात ती कडी काढणारा असतो, काही मिनिटांत काढतो. तुमच्या रक्तात तो नाही. त्यामुळे कडी आपोआप गळून पडेपर्यंत थांबावं लागलं. आम्ही मशीन लावून थांबलो म्हणून तुम्ही आहात. तयारी नसलेल्या ठिकाणी हेच झालं तर माणूस गुदमरून जाईल."

औषधाचं नाव त्यांनी तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. सक्सिनिलकोलीन. पुढे कुठलंही ऑपरेशन असलं, अगदी साधं असलं, तरी भूल देणाऱ्याला आधी हे सांगायचं. भुलीला घाबरायचं नाही, दुसरी औषधं आहेत, ती चालतील. "आणि हे रक्तातून येतं. सख्ख्या भावाबहिणींना, मुलांना सांगा. त्यांचं रक्त तपासून घ्या. तुम्हाला भाऊ आहे?"

फुई म्हणाली, "नई शे."

"वारले का?"

"हां."

"कधी?"

"मनी पोरना लगीनना दिन."

डॉक्टर बिचारे हळहळले. मोनाली शेजारीच होती, तिनं मान खाली घातली. डॉक्टर गेल्यावर ती आईला म्हणाली, "आई, मामाला कळवायला हवं." फुई म्हणाली, "कोणता मामा? मांडवमा त कोणी नव्हतं."

डॉक्टरांनी कार्ड करून दिलं होतं, ते तिनं मोनालीकडे टाकलं. कागद घरी राहतो, हात बरोबर येतो, आणि बेशुद्ध बाईला बोलता येत नाही, असा तिचा हिशेब. गावच्या यात्रेत मशीननं गोंदणारा बसला होता. त्याच्याकडून तिनं डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषधाचं नाव इंग्रजी अक्षरांत गोंदून घेतलं. तो पोरगा म्हणाला, "मावशी, इथे आधीचं नाव आहे, बाजूला काढतो." फुई म्हणाली, "बाजूले नको. तेनावरच काढ." काळ्या अक्षरांची ती लांब ओळ 'वना'वरून गेली. खाली हिरवे ठिपके थोडे डोकावत राहिले.

आपल्या मुलांची रक्तं तिनं तपासून घेतली. माझ्या बाळंतपणात ती धुळ्याला येऊन डॉक्टरला एकटीच भेटून गेली होती, ते कशासाठी हे मला फार उशिरा कळलं. भावाला मात्र ती काही बोलली नाही. उलट आमच्याकडचं कोणी भेटलं की विचारायची, "वना कसा शे? काही दुखनं-खुपनं?" ऐकणाऱ्याला वाटायचं, मन विरघळतंय. ती वाट बघत होती.

गेल्या वर्षी आबांच्या पित्ताशयात खडे निघाले. दुखायला लागलं की गुरासारखे ओरडायचे. मी त्यांना धुळ्यात आणलं, ऑपरेशनचा दिवस ठरला. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई तपासायला आल्या. चांगली बाई, एकेक गोष्ट शांतपणे विचारत होती. दात हलतात का, तंबाखू खाता का, रात्रीनंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. मग म्हणाल्या, "घरात कोणाला कधी भुलीचा त्रास झालाय? भावाला, बहिणीला?"

आबा म्हणाले, "मला बहीण नाही."

असं तोंडावर, माझ्यादेखत! ज्या बाईच्या कडेवर हा माणूस चालायला शिकला, तिला यानं एका वाक्यात पुसून टाकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरबाईंसमोर तमाशा नको म्हणून मी गप्प बसले, आणि संध्याकाळी घरी जाऊन सरळ फुईला फोन लावला. तिच्या आजाराबद्दल मला तेव्हा फक्त हर्नियाचं ऑपरेशन झालं एवढंच ठाऊक होतं. मी चिडून फोन केला होता, दुसरं काही मनात नव्हतं. म्हटलं, "फुई, आबांचं उद्या ऑपरेशन आहे. आणि आज त्यांनी डॉक्टरला सांगितलं, मला बहीण नाही."

तिनं दवाखान्याचं नाव विचारून घेतलं. मग विचारलं, "पुरी भूल देतीन का?"

"हो."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

नंतर एकदा मी तिला विचारलं, त्या वेळी तुला काय वाटलं? ती म्हणाली, आनंद झाला, खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आपण होऊन दारात आलं होतं. मला हात हलवायचा नव्हता, तोंड उघडायचं नव्हतं, घरी बसून भाकरी थापायची होती. मग भाकरी थापता थापता तिच्या डोक्यात आलं, की हा मेला तर सुटेल. गाव रडेल, फोटोला हार घालतील, मलाही जाऊन गळा काढावा लागेल. आणि आपला जीव कोणाच्या मुठीत होता, हे त्याला कधीच कळणार नाही. "मरी जाता त तो जिकी जाता," ती म्हणाली. "मले तो जिता पायजे व्हता."

सकाळी आबांना हिरवा गाऊन घालून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत आणलं होतं. ट्रॉलीशेजारी मी आणि आई. तेवढ्यात जिन्यातून फुई वर आली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी, डावा हात पदराखाली. आबांनी तिला बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली.

फुई डॉक्टरबाईंना म्हणाली, "याला भूल द्यायच्या आधी माझं ऐका."

"आजी, तुम्ही कोण?"

"त्यालाच विचारा, मी कोण."

डॉक्टरबाईंनी आबांकडे पाहिलं. आबा भिंतीकडेच बघत म्हणाले, "वळखीनी बाई शे. नशिराबादनी."

आई कळवळली. फुई शांत होती. ती म्हणाली, "जे सांगायला आले ते याच्या बहिणीलाच माहीत आहे. याच्या जिवाचं आहे. पण याला बहीणच नाही, तर सांगणार कोण?" आणि वळून जिना उतरायला लागली. मी धावत जाऊन तिचा दंड धरला. असला दगडी दंड माझ्या हाताला कधी लागला नव्हता. "फुई, पाया पडते, काय ते सांग," मी म्हटलं. ती म्हणाली, "मी मांडवना दारशी उभी व्हती तवय मना पाया कोण पडनं?" ती खरंच गेली असती का? मी नंतर विचारलं. "गई असती," म्हणाली. माझा विश्वास आहे.

वर आईनं कधी नव्हे ते नवऱ्यावर आवाज चढवला. ट्रॉलीच्या दांडीवर हात आपटून म्हणाली, "बोला ना! एक शब्द बोलतांना जीव जास का तुमना?" जात होता खरा, फक्त आम्हाला ते कळलेलं नव्हतं.

आबा पुटपुटले, "मनी बहीन शे."

फुई जिन्यात थांबली. वर न बघता म्हणाली, "जोरमा. मांडव मोठा व्हता."

"मनी बहीन शे!" आबा ओरडले. आवाज फाटला. शेजारच्या खोलीतल्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. "सख्खी बहीन शे मनी. तानुअक्का!"

मग फुई पायऱ्या चढून वर आली, पदर बाजूला केला आणि डावा हात डॉक्टरबाईंसमोर धरला. त्यांनी ते नाव वाचलं. काय झालं होतं, किती वेळ श्वास नव्हता, कुठल्या दवाखान्यात, असे त्या भराभर विचारत गेल्या आणि फुई सांगत गेली. तेव्हा मला सगळं कळलं. डॉक्टरबाई आत गेल्या, ट्रेमध्ये आबांसाठी भरून ठेवलेली सिरिंज उचलून आणली आणि आमच्यादेखत टाकून दिली. आबांना त्या लागेल असं काही बोलल्या नाहीत. "काल मी विचारलं होतं," एवढंच म्हणाल्या. आबांच्या तोंडचं पाणी पळालं.

ऑपरेशन रद्द झालं नाही, लांबलं. दुसरं औषध, मोठं मशीन आणि त्याशेजारचा पलंग यांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबायचं होतं. डॉक्टरबाईंनी आबांना समजावलं, की दुसऱ्या औषधानंही स्नायू ढिले पडतील, पण त्याचा असर उतरवता येतो. जागे झालात की तुम्हाला मान उचलायला सांगू, हात दाबायला सांगू, ते जमल्यावरच नळी काढू. घसा खवखवेल, तो जाईल. रक्त तपासायला पाठवतोय, आणि मुलीचंही पाठवा. आबा मान हलवत होते. तोवर पोटात काही घ्यायचं नाही, हे त्यांनी पुन्हा बजावलं.

आबांना खोलीत परत आणलं. फुईनं स्टूल ओढून त्यांच्या उशाशी ठाण मांडलं आणि फडकं सोडलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. कांदा तिनं मुठीनं फोडला. खोलीभर वास सुटला. आबा आदल्या रात्रीपासून उपाशी. ती एकेक घास करत, सावकाश चावत जेवली, त्यांच्या तोंडाकडे बघत.

"भूक लागनी का रे?"

आबांनी आवंढा गिळला.

"मीबी उपाशी व्हती. पोरनं लगीन लागापर्यंत मायले खावाले नई ऱ्हास. तवय तू जेवी ऱ्हायंता."

आई म्हणाली, "अक्का, पुरे आता." मी आईला गप्प केलं. माझ्या मते ते पुरे नव्हतं. शेवटचा तुकडा ठेच्यात फिरवून तिनं तोंडात टाकला, हात धुऊन आली आणि पुन्हा बसली. तिचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता. आबा त्याकडे बराच वेळ बघत राहिले. काळ्या ओळीखालचं हिरवं नाव त्यांच्या ओळखीचं होतं. लहानपणी त्याच ठिपक्यांवर बोट फिरवून ते स्वतःचं नाव वाचायला शिकले होते.

"अक्का," ते म्हणाले, "मनं नाव कथं गयं?"

"खाले शे."

आबांनी डोळ्यांवर हात घेतला. फुईनं त्यांची समजूत काढली नाही. खिडकीबाहेर बघत दातातला कांदा काढत बसली.

दुपार कलल्यावर त्यांना आत नेलं. ते बाहेर येईपर्यंत फुई जागची हलली नाही. ऑपरेशन नीट झालं. त्यांना जागं करताना फुईनं आत यायचा हट्ट धरला आणि डॉक्टरबाईंनी येऊ दिलं. पाठोपाठ मीही घुसले. आबांचे डोळे अर्धवट उघडे होते. "मान उचला," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मान उचलली गेली. "हात दाबा." फुईनं आपला गोंदलेला हात त्यांच्या हातात दिला. आबांनी तो दाबला. नळी निघाली, खोकला आला, आणि छाती एकदा वर येऊन तशीच थांबल्यासारखी वाटली.

फुई त्यांच्या कानाशी वाकली. "ले वना, श्वास ले," ती म्हणाली. "आते जितला लेशी, तितला सगळा मना शेतस."

आबांनी श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं. बोलायला घसा नव्हता. फुई सरळ झाली आणि जायला निघाली, पण आबांनी धरलेला हात सोडला नव्हता. तिनं त्यांचं एकेक बोट उचलून आपला हात सोडवून घेतला, पदराखाली घातला, आणि नशिराबादची गाडी पकडायला खाली उतरून गेली.